पिंपातलं बोट

सत्त्याण्णव सालच्या मार्च महिन्यात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, आर्या तोरसकर हिने आपल्या वडिलांचं बोट सोडलं. परीक्षा सीनियर केजीची होती आणि तिच्यात फुलपाखरू रंगवायचं होतं, त्यामुळे त्या बाजूने काळजीचं कारण नव्हतं. काळजी होती ती बोटाची.

वडील म्हणजे सुधाकर तोरसकर. वय अडतीस, मुक्काम मनवेलपाडा, विरार पूर्व, 'गुरुछाया' इमारतीचा दुसरा मजला. नोकरी फोर्टमधल्या एका ऑफिसात, आवक-जावक टेबलावर. सकाळी सात वाजता तो आर्याला शाळेच्या फाटकाशी सोडायचा आणि तसाच स्टेशन गाठायचा. घरापासून शाळेपर्यंत बारा मिनिटं लागत. आज त्या रस्त्यावर उभं राहिलं तर आभाळ बघायला मान मोडावी लागते, पण तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट होते, त्यांत म्हशी चरत, आणि शाळेचं फाटक लांबूनच दिसे. त्या बारा मिनिटांत आर्या त्याचं उजव्या हाताचं बोट धरून चाले आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींबद्दल प्रश्न विचारी. दिवसातले उरलेले सगळे तास सुधाकरला कुणी काही विचारत नसे (ऑफिसात विचारत, पण ते "झालं का?" एवढंच).

त्या दिवशी इमारतीच्या फाटकाबाहेर पडल्यावर त्याने सवयीने बोट पुढे केलं, ते तसंच हवेत राहिलं.

"दिशा म्हणते, ती चामखीळ आहे," आर्या म्हणाली. दिशा म्हणजे तिची बाकावरची मैत्रीण.

"आहेच की. तुझ्यापेक्षा मोठी आहे ती. वयाने."

"दिशा म्हणते, हात लावला की दुसऱ्याला पण येते. तिच्या मावशीला आली."

"तू तर दोन वर्षं धरतेयस हे बोट. आली का तुला?"

आर्याने तळहात उलटासुलटा करून नीट बघितला. "अजून नाही आली. म्हणून तर आत्ताच सोडतेय."

सुधाकरने बोट खाली घेतलं. बापाला वाईट वाटलं असावं, एवढं तिच्या लक्षात आलं. मोठ्या मनाने तिने त्याच्या ऑफिसच्या पिशवीचा बंद धरला. पुढची बारा मिनिटं सुधाकर दाव्याला बांधल्यासारखा चालला, आणि त्या दिवशी एकही प्रश्न आला नाही. बंद धरून चालणाऱ्या मुलीला बापाच्या तोंडाकडे बघता येत नाही, असा शोध त्याला लागला.

ती चामखीळ उजव्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या बाजूला, तुरीच्या डाळीएवढी होती. सात वर्षं तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट पाकिटांचा गठ्ठा मोजताना ती अडसरासारखी उपयोगी पडते, असं सुधाकरचं प्रामाणिक मत होतं. पण आता प्रश्न बोटाचा नव्हता, बारा मिनिटांचा होता. चामखीळ काढायची, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत काढायची, असं त्याने त्या दिवशी ठरवलं. आयुष्यात त्याने स्वतःहून ठरवलेल्या तीन-चार गोष्टींपैकी ही एक, आणि इतर गोष्टींचंही फार बरं झालं होतं अशातला भाग नाही.

चामखिळीवर ज्याला त्याला औषध ठाऊक असतं. तळमजल्यावरचे श्रीपतकाका, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणाले, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आठ दिवसांत गळून पडेल. वरातीसाठी घोडी देणाऱ्या शत्रुघ्नचा नालासोपाऱ्याचा पत्ताही त्यांनी दिला. सुधाकर गेला. शत्रुघ्न म्हणाला, "केस घ्या की साहेब, आपल्या हाताने घ्या." सुधाकरने घोडीच्या मागच्या पायांकडे बघितलं, घोडीने सुधाकरकडे बघितलं, आणि तो तसाच परत आला.

मग सासुरवाडीचा इलाज झाला. त्याची बायको मनोरमा वसईकडच्या निर्मळ गावची, वाडीवाल्यांची लेक. तिचे वडील हरिश्चंद्र यांनी निरोप धाडला की केळीच्या सालीची आतली बाजू चामखिळीवर बांधा. केळी त्यांच्याच वाडीतली, त्यामुळे औषधाचा पुरवठा डझनांनी झाला. आठवडाभर सुधाकर बोटाला केळीचं साल बांधून ऑफिसात गेला. सातव्या दिवशी साहेबांनी त्याच्या हाताकडे बघून विचारलं, "तोरसकर, तुमचं खाणं व्हायचंय का अजून? या, सावकाश या." तेव्हा तो उपायही संपला.

शेवटी मे महिन्याच्या तीन तारखेला, शनिवारी, तो आगाशीच्या डॉक्टर फेबियनकडे गेला. डॉक्टर सावकाश बोलणारे, एकेक सूचना कागदावर लिहीत सांगणारे. त्यांनी दिलेली औषधाची बाटली छोटी होती आणि तिच्या झाकणाला आतून ब्रश होता.

"आधी बोट कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवायचं. पुसायचं. वरची मेलेली कातडी हलक्या हाताने घासायची. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, म्हणजे तिला इजा होत नाही. मग फक्त चामखिळीवर एक थेंब. दिवसातून एकदा. आणि घाई करायची नाही."

"किती दिवस?"

"तीन महिने तरी धरा."

'तीन महिने' ऐकल्यावर सुधाकरला पुढचं काही ऐकू आलं नाही. (खरं तर मागचंही पुसलं गेलं.) शाळा तेरा जूनला उघडणार होती. म्हणजे हातात एकेचाळीस दिवस. पण आवक-जावक टेबलावर चौदा वर्षं काढलेल्या माणसाला पेंडिंग काम कसं उपसायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. रोज एकदा, असे तीन महिने, म्हणजे एकंदर नव्वद खेपा. रोज तीन खेपा मारल्या तर तीस दिवस. एक जूनला काम फत्ते, वर बारा दिवस शिल्लक. हा हिशेब त्याने कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मांडला आणि प्रत्येक खेपेला एक रेघ ओढायला सुरुवात केली. आपल्याला हे सुचलं आणि डॉक्टरला सुचलं नाही, याचा त्याला मनातून अभिमान वाटला.

राहता राहिलं डॉक्टरांच्या कागदावरचं कोमट पाणी. त्या काळात मनवेलपाड्यात मे महिन्यात पाणी मागणं म्हणजे सोनं मागण्यासारखं होतं. नळाला दोन दिवसांआड अर्धा तास पाणी येई, ते न आलं तर टँकर, आणि टँकर न आला तर श्रीपतकाकांच्या दारात मोर्चा. मनोरमाच्या घरात पाण्याच्या जाती होत्या. पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपात, तोंडाला पांढरं फडकं बांधून. वापरायचं पाणी मोरीतल्या बादल्यांत. तांदूळ धुतलेलं तुळशीला. कपडे पिळलेलं संडासात. ज्या बाईने माहेरी आयुष्यभर भरलेली विहीर बघितली ती सासरी येऊन वाटीने पाणी मोजत होती, त्यामुळे या विषयात तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

"एका बोटाला तांब्याभर पाणी?" पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "अहो, बोट आहे की बाळंतीण?"

सुधाकरने पाणी वगळलं. घासणं वगळलं, कारण ते पाण्यानंतरचं होतं. आणि व्हॅसलिनची डबी त्यांच्या घरात दिवाळीनंतर निघायची ती होळीला कपाटात जायची. मे महिन्यात तिला हात लावणं त्याला ऋतूंच्या शिस्तीविरुद्ध वाटलं. उरला थेंब. तो मात्र तो रोज तीनदा लावत होता, आणि ब्रशवर येईल तेवढा लावत होता.

चौथ्या दिवशी चामखिळीभोवतीची कातडी पांढरी पडली. सहाव्या दिवशी लाल झाली आणि सोलायला लागली. चुरचुरत होतं, शर्टाचं बटण लावताना डोळ्यांत पाणी येत होतं, पण जेवढं जास्त झोंबेल तेवढं औषध जास्त काम करतंय अशी त्याची समजूत होती. बोटाला त्याने चिकटपट्टी गुंडाळली आणि मनोरमाने विचारलं तर "काम चालू आहे," एवढंच सांगितलं. आर्याने एकदा लांबूनच विचारलं, "गेली का ती?" तो म्हणाला, "निघालीय." तिने मान हलवली आणि खेळायला गेली. त्या मान हलवण्यावर सुधाकर आणखी दोन दिवस जळजळ सोसू शकला.

मग तो रविवार आला. सकाळी अकराला टँकर आला, सगळी इमारत हंडे-कळश्या घेऊन खाली धावली. बोटाची पट्टी ओली होऊ नये म्हणून सुधाकरला पाणी भरण्यातून सुट्टी होती. मनोरमा आणि तिसऱ्या मजल्यावरची पॉलिन, दोघी मिळून एकमेकींचं पाणी भरत. पॉलिन वसईच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती. दोघींनी सहा खेपा करून आमच्या या नायकाच्या घरचं पिंप काठोकाठ भरलं आणि सातव्या खेपेला त्या खाली उतरल्या.

घरात एकटा असलेल्या सुधाकरने पंचविसावी खेप उरकायला घेतली. बाटली अर्ध्यावर आली होती, ब्रश सुकून काडीसारखा झाला होता. त्याने बाटलीच कलती केली. औषध भळकन आलं आणि चामखीळ, सोललेली कातडी, नखाची कडा, सगळ्यावरून ओघळलं. वाया जाऊ नये म्हणून त्याने ते बोटभर पसरवलं, आणि वरून चिकटपट्टी घट्ट आवळली.

पहिलं अर्धं मिनिट काही झालं नाही. मग जे झालं त्याचं वर्णन सुधाकर पुढे कित्येक वर्षं करत असे आणि दर वर्षी ते थोडं वाढत असे. त्याने पट्टी ओरबाडून काढली. बोट विस्तवात धरल्यासारखं पेटलं होतं. औषधाच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की आग झाल्यास भरपूर पाण्याने धुवावं. त्याने नळ फिरवला. नळाने खर्र आवाज करून हवा सोडली. मोरीतल्या बादल्या टँकरखाली रांगेत गेल्या होत्या. घरात भरपूर पाणी एकाच ठिकाणी होतं.

पांढरं फडकं सोडताना त्याचं मन कचरलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण तो विचार बोटापर्यंत पोचला नाही. बोट आत गेलं, मग पंजा, मग मनगट. पाणी गार होतं. सुधाकरने डोळे मिटले, कपाळ भिंतीला टेकलं आणि "आई गं" म्हणून दीर्घ उसासा सोडला.

"अहो," दारातून आवाज आला, "काय पडलं आत?"

मनोरमा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. मागे पॉलिन दोन कळश्या घेऊन, आणि तिच्या मागे आर्या, आपलं भातुकलीचं घमेलं भरून.

"काही नाही पडलं," सुधाकर म्हणाला. हात आतच होता.

"मग शोधताय काय?"

आर्या पुढे आली, टाचा उंचावून तिने पिंपात बघितलं आणि सगळ्यांना समजेल अशा स्पष्ट आवाजात सांगितलं, "आई, चामखीळ आत आहे."

मनोरमाने हंडा खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सहा खेपा," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन जिने. उन्हात." आणि गॅसच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

पॉलिनने मात्र आधी त्याचा हात बाहेर काढला. बोट बघून तिने जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "सुधाकरभाऊ, हे काय केलंत? औषध आहे ते, घराला रंग काढायचाय का?"

"नव्वद वेळा लावायचं होतं," सुधाकर म्हणाला. "लवकर संपवत होतो."

"कातडीला गणित नाय येत, भाऊ." तिने त्याला मोरीत नेलं आणि त्याच पिंपातलं पाणी तांब्या-तांब्याने बोटावर सोडलं, चांगली दहा मिनिटं. "आता तरी ते पाणी दुसरं कोण पिणार हाय? वापरा मनसोक्त." मग साध्या साबणाने हलकेच धुतलं, फडक्याने न घासता टिपून घेतलं, मनोरमाकडून कपाटातलं व्हॅसलिन काढवलं, त्याचा पातळ थर दिला आणि सैल पट्टी बांधली. "पट्टी रोज बदला. औषध बंद. लाली पूर्ण जाईपर्यंत बाटलीकडे बघायचं पण नाय. पाणी धरलं, पू आला, तर लगेच डॉक्टरकडे. आणि परत सुरू कराल तेव्हा व्हॅसलिनचं कडं करा चामखिळीभोवती, आत एक थेंब. एक म्हणजे एक."

सुधाकरने प्रत्येक वाक्याला मान हलवली. डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं असं त्याला आता अंधुक आठवायला लागलं.

खरी पंचाईत पुढेच होती. पिंपभर पाणी टाकवत नव्हतं आणि पिववत नव्हतं. दुपारी मनोरमाने त्यातलं थोडं वीस मिनिटं उकळलं, गाळलं, तुरटी फिरवली, आणि पेला आर्यापुढे ठेवला. आर्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मी नाही पिणार. त्यात बाबा आहेत."

शेवटी मनोरमा कळशी घेऊन श्रीपतकाकांच्या दारात गेली. आत्ताच पिंप भरलं आणि पाणी संपलं कसं, असं त्यांनी विचारलं, आणि तिला खोटं बोलता येत नसे. संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरींच्या सहीने खडूची सूचना लागली: 'सभासदांनी पिण्याच्या पाण्यात कोणताही अवयव बुडवू नये.' खाली नाव नव्हतं. पण पुढचे आठ दिवस जिन्यात भेटणारा प्रत्येक सभासद आधी सुधाकरच्या बोटाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे.

"चला निर्मळला," दुसऱ्या दिवशी मनोरमा म्हणाली. "रजा टाका. तिथे बुडवा काय बुडवायचं ते."

रजा मंजूर व्हायला आठ दिवस गेले, पण निर्मळची ती मे अखेरची दोन आठवड्यांची रजा सुधाकर कधी विसरला नाही. देवळामागच्या रस्त्याने सायकलींवरून केळीचे घड आणि फुलांच्या करंड्या जात. वाडीत दुपारीसुद्धा गारवा असे. रहाटाची जागा पंपाने घेतली होती, पण विहीर भरलेली होती, आणि सासूबाई सावित्री त्याच्यासाठी कोमट पाण्याचं घमेलं न मागता आणून ठेवत. हरिश्चंद्र जावयाशी फार सांभाळून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. घरच्यांशी ते आपल्या वाडवळी बोलीत काय बोलून हसत ते दहा वर्षांत सुधाकरला कळलं नव्हतं, आणि या खेपेला कळून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती.

"जावईबापू," बोट बघून ते म्हणाले, "रोपाला वर्षाचं खत एका महिन्यात घातलं, तर ते मोठं होत नाही. करपतं."

हे ऐकून घेणं सोपं होतं. कठीण होतं ते निराळंच. रोज सकाळी हरिश्चंद्र देवळात फुलं द्यायला निघत आणि आर्या त्यांचं बोट धरून जाई, प्रश्नांची सरबत्ती करत. सासऱ्यांचा तो पंजा केळीच्या चिकाने काळा पडलेला होता आणि त्याच्यावर, सुधाकरने मोजल्या, तीन चामखिळी होत्या. एक तर ती धरत असे त्याच बोटावर.

दोन दिवस त्याने गिळलं. तिसऱ्या दिवशी पायरीवर बसून तो म्हणाला, "आजोबांच्या हातावर तर तीन आहेत."

"माहितीये," आर्या म्हणाली. "त्या म्हाताऱ्या आहेत. त्यांना दुसरीकडे जाता येत नाही."

सुधाकर हसला, पण त्याला लागलं. सासऱ्याचा हेवा करण्याची वेळ आपल्यावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. एवढंसं बोट, पण आपल्याकडे दुसरं काय आहे जे ती धरेल, असं त्याच्या मनात आलं, आणि घमेल्यातलं पाणी गार झालं तरी तो हात बुडवून बसून राहिला.

लाली जायला बारा दिवस लागले. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: पाणी, टिपणं, हलकं घासणं, व्हॅसलिनचं कडं, एक थेंब, दिवसातून एकदा. जूनमध्ये विरारला परतल्यावर पाऊस सुरू झाला आणि पागोळीखाली लावलेल्या बादलीतून त्याच्या बोटाला हक्काचं पाणी मिळू लागलं. तेरा जूनला शाळा उघडली. आर्या पहिलीत गेली. ती पिशवीचा बंद धरून चालली आणि सुधाकरने तक्रार केली नाही. जुलै तसाच गेला. चामखीळ मसुराएवढी झाली, मग मोहरीएवढी. गोकुळाष्टमीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर फेबियननी भिंग लावून बोट बघितलं.

"गेली. सांगितल्याप्रमाणे केलंत म्हणून गेली. पेशंट असे पाहिजेत."

"अगदी सांगितल्याप्रमाणे," सुधाकर म्हणाला. त्या क्षणाला त्याला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तो साडेसहालाच तयार होता. केस विंचरलेले, बोट साबणाने दोनदा धुतलेलं. फाटकाबाहेर दिशा उभी होती. हल्ली ती तिथूनच सोबत येत असे. पावसाने प्लॉट हिरवेगार झाले होते. सुधाकरने पिशवी डाव्या खांद्यावर घेतली, घसा साफ केला आणि उजवं बोट आर्यापुढे धरलं.

"बघ. काही आहे का?"

आर्याने ते दोन्ही हातांनी धरलं. एकीकडून बघितलं, दुसरीकडून बघितलं, गुलाबी नव्या कातडीवरून अंगठा फिरवला. दिशालाही बोलावून दाखवलं. दिशाने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. सुधाकरने बोट आणखी ताठ केलं.

"छान झालंय," आर्या म्हणाली. "आता येत नाही ना कुणाला?"

"आता कुणाला काही येत नाही."

"मग बरं झालं." तिने गळ्यातली पाण्याची बाटली काढली आणि तिचा पट्टा त्या बोटात अडकवला. दिशाने लगेच आपलीही बाटली काढली आणि तीही अडकवली. मग दोघी एकमेकींचा हात धरून चिखल चुकवत पुढे पळाल्या. दहा पावलांवर आर्या थांबली आणि मागे वळली.

"बाबा, बोट वाकडं करून ठेवा. दिशाची पडेल."